पाऊस, पार स्कोअर आणि ‘न्याय्य’ या शब्दाची व्याख्या



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी आमच्या विभागात प्रत्येकाला एक सेमिनार द्यावा लागायचा. विषय स्वतःच्या संशोधनाबाहेरचा हवा आणि मूळ पेपर वाचलेला हवा, एवढ्याच दोन अटी. मी जरा हुशारी केली आणि क्रिकेट निवडलं. डकवर्थ आणि लुईस यांचा १९९८चा पेपर. म्हटलं, सगळ्यांना आवडेल, कोणी फार खोलात शिरणार नाही.

सेमिनार छान झाला. आलेख दाखवले, सिडनीचा किस्सा सांगितला, लोक हसले. शेवटी मागच्या बाकावरून एका मॅडमनी विचारलं, “पेपरच्या शीर्षकातच ‘फेअर’ असा शब्द आहे. तो त्यांनी मोजला कसा?” मी सूत्र पुन्हा फळ्यावर लिहिलं. त्या म्हणाल्या, “हे लक्ष्य काढायचं कसं ते झालं. ते न्याय्य आहे, हे कशावरून?”

मला उत्तर आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला बऱ्याच उशिरा दिलेलं उत्तर आहे. तुम्ही पेटची किंवा नेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर क्रिकेट आवडत नसलं तरी शेवटपर्यंत वाचा. हाच प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणार आहे.

आधी सिडनी

२२ मार्च १९९२. विश्वचषकाची उपांत्य फेरी, इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. इंग्लंडने ४५ षटकांत २५२ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला. जेमतेम बारा मिनिटं खेळ थांबला आणि दोन षटकं कमी झाली. खेळाडू परत आले तेव्हा एक चेंडू उरला होता आणि फलकावर २२ धावा दिसत होत्या. खरा हिशेब २१चा होता, पण त्याने काय फरक पडतो!

हे झालं कसं? त्या स्पर्धेचा नियम असा होता की दुसऱ्या संघाची जितकी षटकं कमी होतील, तितकी पहिल्या संघाची सगळ्यात कमी धावांची षटकं हिशेबातून वगळायची. इंग्लंडच्या सगळ्यात कमी धावांच्या दोन षटकांत मिळून एकच धाव होती. म्हणून बारा चेंडू गेले आणि लक्ष्य फक्त एका धावेने उतरलं. म्हणजे दक्षिण आफ्रिकेने आधी टिच्चून गोलंदाजी केली होती, त्याचीच शिक्षा तिला मिळाली. पुढे डकवर्थ-लुईसच्या पद्धतीने हिशेब केला तेव्हा शेवटच्या चेंडूवर जिंकायला पाच धावा, असं उत्तर आलं. एका चेंडूत पाच अवघड खरं, पण निदान खेळून बघता येतं.

पेपरने काय केलं?

त्याआधीचा सगळ्यात जुना उपाय सरासरी धावगतीचा. ५० षटकांत २५० धावा, तर ४० षटकांत २००. सोपा आणि चुकीचा. दहाच्या दहा विकेट हातात असताना ४० षटकंच खेळायची असतील तर फलंदाज जास्त धोका पत्करू शकतो. त्यामुळे हा नियम नंतर खेळणाऱ्या संघाला झुकतं माप द्यायचा.

फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस यांनी प्रश्नच वेगळा मांडला. संघाकडे धावा करण्यासाठी दोन गोष्टी असतात : उरलेली षटकं आणि हातातल्या विकेट. या दोन्ही मिळून त्याची ‘संसाधनं’. मग अमुक षटकं आणि तमुक विकेट हातात असताना इथून पुढे सरासरी किती धावा होतात, याचा त्यांनी वक्र बसवला.

वक्राचा आकार तुमच्या ओळखीचा आहे. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला कपॅसिटर चार्ज होतानाचा आलेख काढला असेल ना, तोच. सुरुवातीला झपाट्याने वर, मग हळूहळू सपाट. विकेट जशा पडतात तशी वक्राची कमाल मर्यादा खाली येते आणि तो लवकर सपाट होतो.

स्टँडर्ड आवृत्तीच्या छापील तक्त्यात हे स्पष्ट दिसतं. ५० षटकं आणि १० विकेट म्हणजे १०० टक्के. ३० षटकं आणि ८ विकेट म्हणजे ६७.३ टक्के. हातात फक्त २ विकेट असतील तर ५० षटकं उरलेली असोत की २०, आकडा ११.९च. बरोबरच आहे. तळाच्या फलंदाजांना पन्नास षटकं देऊन ते करणार काय?

आता एक उदाहरण वहीत माझ्याबरोबर सोडवा.

पहिल्या संघाने ५० षटकांत २५० केल्या. दुसऱ्या संघाची २० षटकं झाली आहेत आणि २ गडी बाद आहेत. पाऊस येतो, १० षटकं वाया जातात. थांबताना ३० षटकं आणि ८ विकेट हातात, म्हणजे ६७.३. परत येताना २० षटकं आणि ८ विकेट, म्हणजे ५२.४. तोटा १४.९ टक्क्यांचा. संघाला एकूण मिळालेली संसाधनं ८५.१ टक्के. २५० गुणिले ०.८५१ म्हणजे २१२.७५. लक्ष्य २१३.

आता तोच संघ, तोच पाऊस, पण गडी ४ बाद. मग तोटा ५४.१ उणे ४४.६, म्हणजे फक्त ९.५. लक्ष्य येतं २२७. सरासरी धावगतीने दोन्ही वेळा २०१च आलं असतं. विकेट गमावलेल्या संघाकडे गमावण्यासारखं कमी उरलेलं असतं, म्हणून त्याला सूटही कमी. एवढं साधं तत्त्व तक्त्यात बसवणं हे या पेपरचं मोठं काम आहे. १ जानेवारी १९९७ला हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली आणि पुढे आयसीसीने ती स्वीकारली.

पेपरने स्वतःलाच घातलेल्या अटी

या पेपरमधली मला सगळ्यात आवडणारी जागा सूत्राच्या आधी येते. पद्धत कशी असावी, याच्या पाच अटी लेखकांनी सुरुवातीलाच लिहून ठेवल्या आहेत. माझ्या शब्दांत सांगतो. एक, ती दोन्ही संघांना सारखीच न्याय्य हवी. म्हणजे खेळ थांबण्याआधी दोघांची एकमेकांच्या तुलनेत जी स्थिती होती, तीच नंतरही राहायला हवी. दोन, कल्पना करता येईल अशा कुठल्याही परिस्थितीत तिने शहाणं उत्तर द्यायला हवं. तीन, पहिल्या संघाने कुठल्या षटकात किती धावा केल्या यावर ती अवलंबून नको (सिडनीचा धडा हाच). चार, एक तक्ता आणि खिशातला कॅल्क्युलेटर एवढ्यावर ती चालायला हवी. पाच, सगळ्यांना समजायला हवी.

मॉडेल दाखवण्याआधी ‘चांगलं मॉडेल म्हणजे काय’ हे सांगणारे पेपर फार कमी मिळतात. असा पेपर मिळाला की तो त्याच्याच अटींवर तपासावा. टीका करण्याची याहून सरळ वाट मला माहीत नाही. सेमिनारच्या वेळी मी ही पाच वाक्यं एका स्लाइडवर घातली आणि अर्ध्या मिनिटात पुढे गेलो. मॅडमचा प्रश्न नेमका तिथलाच होता.

पहिली अट परत वाचा. ‘तुलनात्मक स्थिती तीच राहायला हवी.’ स्थिती म्हणजे काय? कोण किती धावांनी पुढे आहे ते? की कोणाची जिंकण्याची शक्यता किती आहे ते?

दोन संघ, एकच लक्ष्य

मघाचंच उदाहरण घेऊ. २५०चा पाठलाग, २० षटकं, २ बाद. आता दोन वेगळे सामने समजा. एकात दुसऱ्या संघाच्या १२० धावा झाल्या आहेत, दुसऱ्यात ५०. पाऊस तोच, दहा षटकांचा.

लक्ष्य किती? दोघांनाही २१३. आपण मघाशी २१३ काढताना त्या संघाच्या धावा कुठे वापरल्या होत्या का? नाही. स्टँडर्ड आवृत्तीत दुसऱ्या संघाची षटकं आणि विकेट बघितल्या जातात, त्याने तोवर केलेल्या धावा बघितल्या जात नाहीत.

त्या टप्प्यावर बरोबरीत असलेल्या संघाच्या धावा, म्हणजे पार स्कोअर, ८१.७५ येतो. म्हणजे एक संघ साधारण ३८ धावांनी पुढे आहे, दुसरा ३२ धावांनी मागे. पावसानंतर परत हिशेब करा : उरलेल्या ५२.४ टक्क्यांत १३१ धावा अपेक्षित, २१२.७५ वजा १३१ म्हणजे पुन्हा ८१.७५. पुढचा संघ तितकाच पुढे, मागचा तितकाच मागे. धावांच्या भाषेत पहिली अट तंतोतंत पाळली गेली.

पण मागे पडलेल्या संघाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पावसाआधी त्याला ३० षटकांत २०१ हव्या होत्या, षटकाला ६.७. पावसानंतर २० षटकांत १६३, षटकाला ८.१५. त्याची पिछाडी तेवढीच आहे, पण ती भरून काढायला दहा षटकं कमी आहेत. चाळीस मिनिटं उशिरा निघालेल्या गाडीला वेळ भरून काढायचा असेल, तर मुंबईपर्यंतचा अख्खा रस्ता शिल्लक असणं वेगळं आणि फक्त लोणावळ्यापासूनचा उरलेला असणं वेगळं.

संख्याशास्त्राच्या भाषेत : डकवर्थ-लुईसने सरासरी जपली, विखुरण जपलं नाही. षटकं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं ढोबळपणे मानलं, तर उरलेल्या धावांचं प्रमाण विचलन षटकांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. ३० षटकांची २० झाली की ते साधारण ८२ टक्क्यांवर येतं. उलथापालथ व्हायला जागा कमी उरते. म्हणून जो पुढे आहे त्याची जिंकण्याची शक्यता पावसाने वाढते आणि जो मागे आहे त्याची घटते. एकही चेंडू न टाकता.

हा आक्षेप माझा नाही. इयन प्रेस्टन आणि जोनाथन थॉमस यांनी २००२मध्ये, आणि मायकेल कार्टर व ग्रॅम गथ्री यांनी २००४मध्ये हीच बाजू मांडली : पावसाने जिंकण्याची शक्यता बदलू नये, हाच न्यायाचा निकष असावा. याचा आणखी एक फायदा होतो. ढग दाटून आले म्हणून कोणाला आपला खेळ बदलावासा वाटत नाही. आजच्या पद्धतीत मात्र आकाशाकडे बघत पार स्कोअरच्या पुढे राहण्याचा मोह होतोच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग झालं, शक्यतेवाले बरोबर आणि डकवर्थ-लुईस चूक. थांबा, एवढ्यात पक्ष बदलू नका.

शक्यता जपायची तर १२० धावा केलेल्या संघाचं लक्ष्य २१३च्या वर न्यावं लागेल आणि ५० केलेल्याचं खाली आणावं लागेल. कर्णधाराला हे कसं समजावणार? “तुम्ही चांगले खेळलात म्हणून तुम्हाला लक्ष्य जास्त, ते वाईट खेळले म्हणून त्यांना कमी.” मैदानावर हे कोणाला पटेल? पाऊस नसताना दोघांनाही २५१च करायच्या होत्या. मग पावसानंतर लक्ष्य दोन वेगळी का? शिवाय शक्यता काढायची तर धावांची संपूर्ण वाटणी लागते, नुसती सरासरी पुरत नाही. म्हणजे गृहीतकं वाढतात आणि वादाच्या जागाही वाढतात. तक्ता आणि कॅल्क्युलेटरची चौथी अट आणि सगळ्यांना समजण्याची पाचवी, दोन्ही धोक्यात येतात.

तर माझं मत असं. डकवर्थ-लुईसने धावांची तुलना निवडली, ही निवड समर्थनीय आहे. पण ती निवड आहे. पेपर वाचताना ती निवड वाटत नाही, न्यायाचा एकमेव अर्थ तोच असल्यासारखं वाटतं. पहिल्या अटीतला ‘स्थिती’ हा शब्द दोन अर्थांचा आहे आणि त्यातला एक अर्थ गुपचूप सूत्रात शिरला आहे. हे दोन वाक्यांत उघड लिहिलं असतं तर पेपर जास्त भक्कम झाला असता.

चौथी आणि पाचवी अट

बाकीच्या अटींवर थोडक्यात.

स्टँडर्ड तक्त्याचं एक दुखणं असं की पहिल्या संघाने डोंगराएवढ्या धावा केल्या तरी त्याच वक्राला गुणून मोठं केलं जातं. पण साडेतीनशेचा डाव असा नसतो. तिथे पहिल्या षटकापासून धावगती बरीचशी एकसारखी असते, वक्र सरळ रेषेकडे झुकतो. हे दुरुस्त करायला प्रोफेशनल आवृत्ती आली आणि लेखकांनी २००४च्या पेपरमध्ये तिच्याबद्दल लिहिलं. पुढे स्टीव्हन स्टर्न यांनी आधुनिक धावगतीसाठी त्यात सुधारणा केल्या, म्हणून आता नाव डकवर्थ-लुईस-स्टर्न. उत्तरं सुधारली. पण ही आवृत्ती कॅल्क्युलेटरवर चालत नाही, तिला संगणक लागतो. चौथी अट सोडून दिली गेली, दुसरीसाठी. असा सौदा संशोधनात करावा लागतो. फक्त तो केला हे सांगावं.

त्याहून मला खटकतं ते वेगळं. १९९८च्या पेपरमध्ये तक्ता दिला आहे, पण वक्रांमधल्या स्थिरांकांच्या किंमती व्यावसायिक गोपनीयतेचं कारण देऊन दिलेल्या नाहीत. लोकांनी तक्त्यावरून त्या उलट्या काढल्या, हा भाग निराळा. मुळात तुम्ही-आम्ही असा पेपर पाठवला, तर परीक्षक पहिलं वाक्य काय लिहील? “निकाल पुन्हा काढून पाहता येत नाहीत.” केरळचे अभियंता व्ही. जयदेवन यांनी २००२मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये स्वतःची पर्यायी पद्धत मांडली आणि ती आपल्याकडच्या देशांतर्गत स्पर्धांत वापरलीही गेली. दोन पद्धतींची तुलना करायची तर दोन्ही उघड असायला हव्यात. एक कुलुपात असेल तर तुलना करणार कशी?

पाचव्या अटीची परीक्षा ३ मार्च २००३ला डर्बनमध्ये झाली. विश्वचषक, श्रीलंकेच्या २६८ धावा, यजमान दक्षिण आफ्रिका पाठलागावर. पावसाची चिन्हं होती. ४५व्या षटकाच्या पाचव्या चेंडूवर मार्क बाउचरने मुरलीधरनला षटकार मारला, धावा झाल्या २२९. निरोप असा आला होता की षटकाअखेर २२९ हव्यात. त्याने शेवटचा चेंडू शांतपणे अडवला. पाऊस आला, खेळ संपला. २२९ हा बरोबरीचा आकडा होता, जिंकायला २३० हव्या होत्या. सामना बरोबरीत सुटला आणि दक्षिण आफ्रिका स्वतःच्याच देशात स्पर्धेबाहेर गेली. तक्ता अचूक होता. तो वाचणाऱ्याने ‘पार’चा अर्थ चुकीचा घेतला. यात पद्धतीचा दोष नाही, हे मान्य. पण ‘सगळ्यांना समजायला हवी’ ही अट लिहून पूर्ण होत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

ट्वेंटी-ट्वेंटीचं दुखणं अजून वेगळं. ५० षटकांच्या सामन्यांवरून काढलेल्या वक्राची शेपटी कापून २० षटकांच्या खेळाला लावली, तर ती बसेलच असं नाही, कारण तो खेळच वेगळ्या स्वभावाचा. भट्टाचार्य, गिल आणि स्वार्ट्झ यांनी २०११मध्ये ट्वेंटी-ट्वेंटीच्याच आकड्यांवरून नवा तक्ता बसवून हा प्रश्न तपासला. ज्या पट्ट्यात डेटा गोळा केला त्याच्या बाहेर मॉडेल नेताना दहा वेळा विचार करा, हा धडा तुम्हाला बीएस्सीलाच शिकवलेला असतो.

तुमच्या सिनॉप्सिसचं काय?

आता माझी गोष्ट सांगतो. सेमिनारनंतर दीड वर्षाने मी माझं एक प्रकरण गाइडना दिलं. पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदींत मधे मधे दिवस गाळलेले होते. मी ते आसपासच्या केंद्रांच्या सरासरीने भरले आणि लिहिलं, ‘योग्य पद्धतीने भरले’. महिन्याची बेरीज छान जुळत होती. सरांनी ‘योग्य’ या शब्दाला पेन्सिलने गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘कशासाठी योग्य?’

मी तिथेच बसलो. माझा पुढचा अख्खा भाग अतिवृष्टीच्या दिवसांवर होता. सरासरीने भरलेले दिवस बेरजेसाठी ठीक होते, अतिवृष्टीसाठी साफ चुकीचे. सरासरीने टोकं कापली जातात. सरासरी जपली होती, विखुरण घालवलं होतं. म्हणजे सेमिनारमध्ये ज्या प्रश्नावर अडलो, तोच प्रश्न मी स्वतःच्या प्रबंधात परत चुकलो होतो. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

म्हणून एक काम सांगतो, आज रात्रीच करा. तुमच्या सिनॉप्सिसची प्रत काढा आणि त्यातली विशेषणं शोधा. योग्य, न्याय्य, कार्यक्षम, सुधारित, अचूक, इष्टतम. प्रत्येकाखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि बाजूला दोन ओळी लिहा : मी नेमकं काय जपतोय? आणि ते जपताना काय सोडून देतोय? दुसरी ओळ लिहिता आली नाही तर समजा, तुम्ही अजून निवड केलेली नाही. सूत्राने तुमच्या वतीने करून टाकली आहे.

डकवर्थ आणि लुईस यांच्याबद्दल माझा आदर या टीकेने कमी झालेला नाही. सिडनीच्या त्या फलकापासून त्यांनी खेळाला खूप पुढे आणलं. आणि त्यांनी पाच अटी लिहून ठेवल्या नसत्या, तर त्यांच्यावर अशी टीका करायला आपल्याला जागाच मिळाली नसती. तुमच्या प्रबंधातही अशी जागा ठेवा. परीक्षक तिथेच बोट ठेवणार आहे, तर निदान तिथे काय लिहिलंय हे तुम्हाला आधी माहीत असू दे.

पुढच्या लेखात गाळलेला डेटा भरण्याच्या तीन पद्धती आणि प्रत्येकीने मला कसं फसवलं, ते सांगेन. तोवर पेन्सिल घेऊन बसा.